सर्वानुमते साडेपाच

“आजपासून या घरात कुणीही अण्णांशी खोटं बोलणार नाही,” दादाने जाहीर केलं. रस्ते खात्यात चौतीस वर्षं काढल्यामुळे दादा चहा मागायचा तोसुद्धा पुलाचं उद्घाटन केल्यासारखा. उजवा हात पुढे, नजर समोरची भिंत ओलांडून थेट भविष्याकडे. “सत्य कडू असेल. पण या घराण्याने कडू कधी टाळलेलं नाही. आईच्या वेळी जे झालं ते पुन्हा—”

दाराची बेल वाजली. सूनबाईने दार उघडलं आणि सिस्टर आत आल्या.

“कोण आलंय रे?” आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला.

“कुणी नाही, अण्णा!” दादा ओरडला. “गॅसवाला!”

सत्याची राजवट एकूण अर्धा मिनिट टिकली.

सिस्टरांनी चपला काढल्या, बॅग खुर्चीवर ठेवली. ठेंगण्या, पन्नाशीच्या बाई. गावभर घरोघर जाऊन न बरं होणाऱ्या माणसांना कसं सांभाळायचं ते त्यांच्या घरच्यांना शिकवायच्या. “गेल्या मंगळवारी मी व्यायामाच्या बाई होते,” त्या म्हणाल्या. “आज गॅसवाला. पुढच्या खेपेला काय ते आधी कळवा, म्हणजे तयारीने येते.”

“गॅसवाल्याला सांग,” आतून पुन्हा आवाज आला, “दम लागत असेल तर जिन्यात टेकावं खुशाल. बाराव्या पायरीवर थांबला होता.”

“बघा,” दादा सिस्टरांच्या कानाशी लागला. “हे असं असंबद्ध चाललंय आठ दिवस.”

“मी थांबले होते बाराव्या पायरीवर,” सिस्टर म्हणाल्या.

पण तोवर दादा वही आणायला वळला होता, आणि वळताना टीपॉयला धडकला होता.

मधला हे सगळं कोपऱ्यातल्या स्टुलावरून पाहत होता. सत्तावन्न वर्षांचा झाला तरी तो मधलाच होता. मागे दादा, पुढे छकुली, आणि दोघांच्या मधे जी जागा उरते ती ह्याची. खाली अण्णांचं चष्म्याचं दुकान, वर घर. एकोणिसाव्या वर्षापासून मधला खालच्या यंत्रावर काचा घासत आला होता, आणि घरातल्या कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंचं त्याला सारखंच पटत असल्यामुळे त्याला कुणी काही विचारत नसे. या खेपेला मात्र त्याला एक गोष्ट स्वच्छ हवी होती. अण्णांना खरं काय ते कळावं, आणि त्यांनी कुठे राहायचं ते त्यांनी स्वतः सांगावं. एवढंच. ते बोलून दाखवायचं कसं, इथे गाडी अडली होती.

तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी उपचार थांबवले होते. “आता घरी न्या, त्रास होऊ नये एवढं बघू,” असं ते या तिघांना म्हणाले, आणि अण्णांना म्हणाले, “औषध बदललंय.” घरानेही मग तेच धरलं. दिवसातून तीनदा कुणी ना कुणी अण्णांच्या उशाशी जाऊन नव्या औषधाचं कौतुक करत होतं. नवं औषध म्हणजे जुन्याच डबीतली दुखण्याची गोळी होती.

“वही द्या,” सिस्टर म्हणाल्या.

वही त्यांनीच लावली होती. रोज तीनदा दुखणं किती ते शून्य ते दहामध्ये लिहायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. त्यावरून गोळी कमीजास्त करायची. सिस्टरांनी पान उलटलं, मग दुसरं उलटलं, मग पुन्हा पहिल्यावर आल्या.

“मंगळवार सकाळ साडेपाच. दुपार साडेपाच. रात्र साडेपाच. बुधवार साडेपाच. आठ दिवस साडेपाच. हा आकडा कुणी सांगितला?”

“सर्वानुमते,” दादा म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे रीतसर. मी अण्णांचा चेहरा बघून तीन म्हणतो, कारण अण्णा सोसणारे आहेत. छकुली नऊ म्हणते—”

“नऊच आहे!” छकुलीने डोळ्यांना रुमाल लावला. वय एकोणपन्नास, हुद्दा मुख्याध्यापिका. तिच्या बुटांचा आवाज आला की चारशे मुलं श्वास रोखायची. पण या घराचा उंबरा ओलांडला की ती छकुली व्हायची आणि पहिल्या पाच मिनिटांत रडायची. “मला दिसतं ना त्यांच्या तोंडावर. दहा म्हणणार होते, पण दादा रागावेल म्हणून नऊ.”

“आणि मधला साडेचार म्हणतो,” दादा पुढे म्हणाला. “का, ते त्यालाच ठाऊक. तिघांची सरासरी साडेपाच. हिशेबात खोट नाही.”

“आणि तुम्ही?” सिस्टरांनी सूनबाईला विचारलं. मधल्याची ही बायको. अण्णांचं तोंड पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं हे सगळं तीच करत होती, त्यामुळे चर्चेला बसायला तिला फारसा वेळ मिळत नसे.

“मी म्हटलं, अण्णांना विचारा,” सूनबाई म्हणाली.

“तो आकडा नाही,” दादा म्हणाला. “म्हणून धरला नाही.”

सिस्टरांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिघेही सोफ्यावर आणि स्टुलावर ओळीने बसलेले आणि तिघांच्या डोळ्यांवर एकच चष्मा होता. म्हणजे तपकिरी, चौकोनी, जाड काड्यांची तीच फ्रेम. पस्तीस वर्षांपूर्वी अण्णांनी कुणा बुडत्या कारखान्याकडून तसल्या फ्रेमांची खोकी उचलली होती. एकाही गिऱ्हाइकाने ती फ्रेम दुसऱ्यांदा हातात घेतली नाही. तेव्हापासून घरात ज्याला ज्याला नंबर लागला त्याला त्याला तीच फ्रेम मिळाली. कुटुंबाचा फोटो काढला की एकाच माणसाने बरेच वेश घेतल्यासारखा यायचा.

“त्यांना विचारलं,” छकुली हळूच म्हणाली, “तर त्यांना कळेल ना, की आपण विचारतोय.”

 सिस्टरांनी पानाच्या कडेचा ‘इतर’ असा रकाना वाचायला घेतला. अक्षर दादाचं होतं.

“मंगळवार रात्र: चष्मा मागितला. चष्मा डोळ्यावरच होता. बुधवार: पुन्हा चष्मा मागितला. काढून हातात दिला, ओळखला नाही. ‘हा नव्हे’ म्हणाले. समजूत घातली. गुरुवार: ‘या घरातली दारं वाकडी झाली’ म्हणाले. शुक्रवार: ‘तुम्ही सगळे लहान झालात, आणि लांब गेलात.’ शनिवार: डोकं दुखतं, भोवळ. रविवार: काही मागितलं नाही. सुधारणा.”

“शुक्रवारचं ते वाक्य ऐकून मी शाळेत गेलेच नाही,” छकुली म्हणाली. “लहान झालात! अण्णांना आपलं लहानपण दिसतंय, सिस्टर. आम्ही तिघं, अंगणात, फ्रॉक घालून—”

“मी फ्रॉक कधी घातला?” दादा म्हणाला.

“आणि लांब गेलात म्हणाले, ते काय खोटं आहे? तू गेलासच ना लांब. कॉलनीत बंगला बांधलास.”

“आणि दारं? दारं मी बसवून दिली होती या घराला! ओळंब्याने! वाकडी म्हणे. चाळीस वर्षांत एक शब्द बोलले नाहीत, आता मरताना—” दादा थांबला. चष्मा काढून त्याने खिशातल्या रुमालाने पुसला, परत लावला, पुन्हा काढून पुसला. आठवडाभर त्याचं हे चाललं होतं. तो कुठे बोलला नव्हता, पण या आठ दिवसांत त्याला जगच धूसर दिसू लागलं होतं. माणसं दारात उभी राहिली की ओळखू येत नव्हती, मोबाईल नाकाला लावल्याशिवाय वाचता येत नव्हता. शोक म्हणजे काय ते त्याला साठी उलटल्यावर कळलं होतं आणि आपण एवढे हळवे निघालो याचा थोडा अभिमानही वाटत होता. चष्म्यामागे त्याचे डोळे मोठाले, टपोरे दिसायचे. मधल्याने ते पाहिलं होतं आणि त्याचं काळीज हललं होतं. दादाही रडतो म्हणायचा.

“थोडक्यात,” दादा म्हणाला, “आजार डोक्यात गेलाय. ज्याला स्वतःचा चष्मा ओळखू येत नाही, त्याला सत्य सांगून काय उपयोग? तेव्हा मी ठरवलंय. चार वाजता ॲम्ब्युलन्स येतेय. हॉस्पिटलात खोली घेतली आहे.”

सूनबाईने हातातली कपबशी खाली ठेवली.

“अरे, पण आत्ता तर म्हणालास, खोटं बोलायचं नाही,” मधला म्हणाला.

“हो.”

“मग हॉस्पिटलात नेताना सांगणार काय?”

“तपासणीला नेतोय म्हणून.”

“दादाचंही बरोबर आहे रे,” छकुली म्हणाली. सकाळी ती मधल्याच्या बाजूने होती, नाश्त्याला दादाच्या, मधे तासभर दोघांच्याही विरुद्ध. “तिथे यंत्रं असतात. रात्री काही झालं तर? वहिनी एकटी काय काय करील? पण इथे त्यांना त्यांची खोली आहे. पण यंत्रं नाहीत. सिस्टर, तुम्ही सांगा ना!”

“डोकं असं चळायला सतरा कारणं असतात,” सिस्टर म्हणाल्या. “पोट साफ होतंय? ताप? लघवी? पाणी पोटात जातंय?”

“सगळं ठीक,” सूनबाई म्हणाली. “रोज बघते.”

“झोप?”

“बरी.”

“कवळी, कानातलं यंत्र, चष्मा, सगळं जिथल्या तिथे?”

“कवळी नाही, कान तिखट आहेत,” छकुली म्हणाली. “आणि चष्मा तर झोपेतसुद्धा काढू देत नाही आम्ही. तोच तर ओळखत नाहीत.”

सिस्टरांनी मान हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. “कुठे न्यायचं ते मी ठरवायचं नाही, आणि तुम्हीही नाही. पण आजचा धडाच तो आहे. बोलायचं कसं.”

गेल्या मंगळवारचा धडा कूस बदलण्याचा होता. आधी अण्णांना वळवून दाखवलं, मग सराव म्हणून दादा शेजारच्या पलंगावर रुग्ण होऊन पडला होता, आणि चौघांनी चादरीला धरून त्याला असा काही वळवला होता की तो भिंतीला लागला. तो धडा हातांचा होता. चूक झाली तर आवाज यायचा. आजचा कठीण होता.

सिस्टरांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. “उभ्याने बोलायचं नाही. बसायचं, डोळ्याला डोळा येईल असं. भाषण करायचं नाही. आधी विचारायचं, तुम्हाला काय वाटतंय, काय चाललंय? मग गप्प बसायचं. उत्तर येईपर्यंत गप्प. मनातल्या मनात दहा मोजा हवं तर. कोण होतं रुग्ण?”

“मी,” दादा म्हणाला. रुग्णाची भूमिका त्याने आता कायमची घेतली होती. खुर्चीवर बसताना तो अर्धा खुर्चीबाहेर बसला, सावरला, आणि डोळे मिटून घेतले. “मला सर्व ठाऊक आहे,” तो खोल आवाजात म्हणाला. “मी तयार आहे. तुम्ही सगळे एकोप्याने राहा.”

“अजून कुणी काही विचारलंच नाही,” सिस्टर म्हणाल्या.

“पण अण्णा असेच म्हणतील.”

“मग मी कशाला आले? पुढचं कोण?”

छकुली रुग्ण झाली आणि मधल्याने तोंड उघडायच्या आत रडू लागली. मग मधला रुग्ण झाला आणि दादा मुलगा झाला. “अण्णा, तुम्हाला काय वाटतंय, काय चाललंय?” असं विचारून तो गप्प बसला आणि मोठ्याने मोजू लागला, “एक. दोन. तीन.” सातला मधल्याला हसू फुटलं. सूनबाई आत गेली आणि पदराआड हसून बाहेर आली. छकुलीला हसू आलं म्हणून रडू आलं. साठीपन्नाशीची ती तीन माणसं, तीन एकसारख्या चष्म्यांतून, काही वेळ एकमेकांकडे पाहूच शकली नाहीत.

“आता तुम्ही,” सिस्टर मधल्याला म्हणाल्या.

“मी?”

“बोलायचं तुम्हालाच आहे ना? मघापासून तुम्ही एकटेच बघताय त्या दाराकडे.”

मधला खुर्चीवर बसला. समोर दादा, डोळे मिटून. मधल्याने तोंड उघडलं आणि त्याला दादा दिसेना, आई दिसली. सहा वर्षांपूर्वीची, हॉस्पिटलच्या त्या हिरव्या भिंतींच्या खोलीतली. आई रोज विचारायची, “घरी कधी?” आणि मधला म्हणायचा, “उद्या.” तिघांनी मिळून ठरवलं होतं तसं, एकमताने. एकोणीस दिवस तो उद्या म्हणाला. विसाव्या दिवशी आईने विचारलं नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. सगळे म्हणाले, आज शांत वाटताहेत.

रविवार: काही मागितलं नाही. सुधारणा.

“हे मला नाही जमणार,” मधला म्हणाला. “मी काचा घासतो, सिस्टर. मला बोलता येत नाही.”

“दुकानात गिऱ्हाइकाला काय विचारता?”

“तिथे काय? काच बदलायची आणि विचारायचं, आता बरं दिसतंय की आधी बरं होतं.”

“आणि?”

“आणि थांबायचं. अण्णांचा नियम आहे. गिऱ्हाइकाला काय दिसतंय ते आपल्याला दिसत नाही. आपण सांगायचं नाही, विचारायचं. आणि घाई...” मधला थांबला. अडतीस वर्षं तो हे वाक्य दिवसातून पन्नासदा खाली बोलत होता, आणि जिना चढून ते एकदाही वर आलं नव्हतं.

तो उठला आणि आत गेला. कुणी अडवायच्या आत गेला, कारण कुणाला वाटलंच नाही की हा जाईल.

अण्णा उशांना टेकून बसले होते. एक्याऐंशी वर्षांचे; पलंगावर आता माणूस थोडा आणि सदरा फार. जाड काड्यांच्या चष्म्याआड डोळे बारीक, खोल गेलेले दिसत होते. आजार माणसाला आतून असा ओढून घेतो, मधल्याने मनात म्हटलं, आणि खुर्ची ओढून डोळ्याला डोळा येईल असा बसला.

“गॅस लावून झाला?” अण्णांनी विचारलं.

“अण्णा, त्या सिस्टर आहेत.”

“माहीत आहे. व्यायामाच्या बाई. हात उबदार आहेत बाईचे.” अण्णांनी मान जरा वाकडी केली, मग दुसरीकडे वाकडी केली, जणू मधल्याला कुठून पाहावं ते ठरत नव्हतं. “तू मधलाच ना?”

मधल्याने दाराकडे पाहिलं. आता काही विचारण्यात अर्थ आहे का? दादाचं बरोबर असेल तर? पण उठून गेलो तर बाहेर चौघं बसली आहेत. “हो, अण्णा. मधलाच.” त्याने श्वास घेतला. “अण्णा, तुम्हाला काय वाटतंय? काय चाललंय?”

आणि गप्प बसला. एक, दोन, तीन. खालच्या रस्त्यावरून कुणी हातगाडी ओढत गेलं. सहा, सात. अण्णा चादरीची घडी करत होते. दहा झाले. मधल्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

“तो मोठा डॉक्टर,” अण्णा म्हणाले. “औषध बदललंय म्हणाला ना, तेव्हा चष्मा पुसत होता.”

“हं.”

“काच स्वच्छ होती. मी बघितली. पन्नास वर्षं माणसं बघितली मी त्या खुर्चीत बसलेली. स्वच्छ काच पुसणारा माणूस म्हणजे त्याला काही तरी बोलायचंय आणि बोलवत नाहीये. म्हटलं, संपलं आपलं औषध.” ते थोडं खोकले. मधल्याने पाण्याचा चमचा लावला. सिस्टरांनी शिकवलं होतं तसा, कडेने. “आणि दादा तर आठ दिवस पुसतोच आहे.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुम्ही एवढ्या हौसेने खोटं बोलत होतात. दिवसातून तीनदा. मोडवेना.”

मधल्याला हसू येतंय की काय येतंय ते कळेना. “दुखतं किती, अण्णा?”

“आज पहिल्यांदा विचारलंस. दिवसा दोन असेल. पहाटे आठ होतं. पहाटे कुणी उठू नये म्हणून पडून राहतो.”

म्हणजे पहाटे आठ, आणि वहीत साडेपाच. मधल्याने मान खाली घातली. “राहायचं कुठे तुम्हाला? इथे, की—”

“हॉस्पिटलात नको. तुझ्या आईने तिथे भिंत पाहिली वीस दिवस.” अण्णांना दिवस पाठ होते, हे मधल्याला माहीत नव्हतं. “इथे सकाळी तू शटर वर करतोस ते ऐकू येतं. शटर वर गेलं की कळतं, आजचा दिवस लागला. तेवढं पुरे. पण मला माझंच काही खात्रीचं वाटत नाही रे. डोकं—”

बेल वाजली. बाहेर कुजबूज, खुर्च्या सरकल्याचा आवाज. चारला अजून खूप अवकाश होता, पण ॲम्ब्युलन्स ही गोष्ट हवी तेव्हा वेळेवर येत नाही आणि नको तेव्हा वेळेआधी येते.

“कोण आलंय रे?” अण्णांनी विचारलं.

दादा दारात उभा राहिला. त्याच्या मागे छकुली, तिच्या खांद्यावरून सूनबाई, सूनबाईच्या काखेतून सिस्टरांचा चेहरा. दादाने तोंड उघडलं. मधल्याने त्याच्याकडे पाहिलं. दादाच्या ओठांवर गॅसवाला, मीटरवाला, पेपरवाला असे एकामागून एक येऊन परत जाताना दिसत होते.

“ॲम्ब्युलन्स आलीय, अण्णा,” दादा म्हणाला. आवाज उद्घाटनाचा नव्हता. “मी बोलावली.”

“परत पाठव.”

“अण्णा, ऐका. तुम्हाला बरं नाहीये. म्हणजे, बरं होणार नाहीये.” एवढं बोलून तो स्वतःच घाबरला आणि चष्मा काढून पुसायला लागला.

“ते झालं आमचं बोलून. मधल्याने विचारलं.”

चौघांनी मधल्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच या घरात जन्माला आलाय.

“पण आजार डोक्यात गेलाय तुमच्या!” दादा म्हणाला. “तुम्हाला दारं वाकडी दिसतात!”

“दिसतात.”

“आम्ही लहान दिसतो!”

“एवढाएवढासा दिसतोस.”

“अण्णा!” छकुलीने हुंदका दिला. “मी कशी दिसते हो? दोन वेण्या?”

“तू दिसतच नाहीस. नुसता आवाज येतो.”

छकुली सूनबाईच्या खांद्यावर कोसळली. दादा पुढे झाला. पलंगाच्या पायाला अडखळला, हात पसरून दुसरी खुर्ची चाचपली, खुर्ची होती तिथून वीतभर अलीकडे बसला, आणि सरळ जमिनीवर गेला. चष्मा मात्र त्याने नाकावर घट्ट धरून ठेवला होता.

अण्णा पुढे वाकले. डोळे बारीक करून त्यांनी जमिनीवरच्या त्या धूसर आकाराकडे पाहिलं. पन्नास वर्षं त्यांनी दुकानात शिरणारी माणसं पाहिली होती. उंबऱ्याला कोण कसा अडखळतो त्यावरून ते नंबर सांगायचे.

“हा असा कधीपासून पडतोय?” त्यांनी विचारलं.

“आठ दिवस झाले,” सूनबाई म्हणाली. “गेल्या मंगळवारपासून. टीपॉयला तर रोज धडकतात.”

“गेल्या मंगळवारी ह्याला वळवायला त्या पलंगावर घेतला होता ना? तेव्हा चष्मे कुणी काढले?”

“मी,” सूनबाई म्हणाली. “दोघांचे. ताटलीत ठेवले होते.” आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मधला दादाच्या टपोऱ्या डोळ्यांकडे पाहत होता. मग अण्णांच्या बारीक डोळ्यांकडे. मधे फुगीर काच डोळा मोठा दाखवते, खोलगट काच लहान दाखवते; हे त्याला एकोणिसाव्या वर्षी ह्याच माणसाने शिकवलं होतं. एकाला शोक झाला आणि दुसऱ्याला आजाराने ओढलं, असं म्हणून त्याने आठ दिवस दोघांकडे पाहिलं होतं. 

“पहिले दोन दिवस मी सांगितलं,” अण्णा म्हणाले. “हा नव्हे म्हटलं. चौघंही म्हणालात, तोच आहे, अण्णा. एवढ्या प्रेमाने म्हणालात, की मला वाटलं, गेलं आपलं डोकं. मग म्हटलं, गप्प पडून राहावं. उगाच सगळ्यांना त्रास.”

 सिस्टर वही उघडून रविवारच्या ओळीवर बोट ठेवून उभ्या होत्या. त्यांनी ती तशीच मिटली. दाराबाहेरून ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, “पेशंट कोण आहे?” कुणीच सांगू शकलं नाही. दादा जमिनीवर बसूनच म्हणाला, “अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. इथेच. काय हवं ते मागा. यंत्र म्हणा, माणूस ठेवू म्हणा, मी बंगला बंद करून इथे येतो. बोला, काय देऊ तुम्हाला?”

अण्णांनी त्याच्या नाकाकडे हात पुढे केला.

“माझा चष्मा दे,” ते म्हणाले. “आणि पुसून दे.”